पित्ताची गोळी आणि आयन

दौंड स्टेशनाबाहेरच्या मेडिकलमध्ये कुणी 'पित्ताची गोळी' मागितली, की दुकानदार बहुधा ओमेप्राझोलची पट्टी कापून देतो. शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, वेगळं काही घडत नाही. गोळी बरोबर असते. फसलेला असतो तो शब्द. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि जठराच्या पुढे, आतड्यात उतरतं. चवीला कडू, गुणाने अल्कधर्मी. छातीत जळजळतं ते आम्लाने, आणि ते आम्ल जठर स्वतःच गाळतं. ओमेप्राझोल पित्ताच्या वाटेलाही जात नाही.

या घोटाळ्याचं मूळ जुनं आहे. माधवनिदानात 'अम्लपित्त' हा स्वतंत्र रोग सांगितलाय. बोलण्यात त्यातलं अम्ल गळालं, पित्त उरलं. खरं तर जे गळालं तेच कामाचं होतं! उरलेलं पित्त मग मोकाट सुटलं: राग आला तरी ते खवळतं, अंगावर गांधी उठल्या तरी त्याच्याच नावावर.

गळालेलं अम्ल मात्र स्वयंपाकघरात सुखरूप आहे. संस्कृत अम्ल, प्राकृत अंबिल, मराठी आंबील. आंबट आणि आंबणं ही त्याच घरातली. आंब्याला या घरात घेऊ नये. तो आम्रावरून आला, कैरी कितीही आंबट लागो. चुक्याची भाजी 'चुक्र' या आंबटवाचक शब्दावरून आली. गुऱ्हाळावर उसाच्या रसाचं आंबटपण मारायला चुन्याची निवळी घालतात. जुन्या घरांतून जळजळीवर चमचाभर निवळीच मिळे. म्हणजे हाताला रसायन ठाऊक होतं, जीभ तेवढी 'पित्त' म्हणत राहिली.

जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, हे विल्यम प्राउट यांनी १८२४ साली छापून दाखवलं. पुढचा प्रश्न अवघड होता. रक्तातल्यापेक्षा जठररसात हायड्रोजनचे आयन पंचवीसेक लाख पट दाट असू शकतात. एवढ्या चढावर त्यांना ढकलतं कोण?

इथे 'आयन' या शब्दापाशी थांबायलाच हवं. १८३४ साली मायकेल फॅरडे यांना विजेच्या ओढीने द्रावणातून सरकणाऱ्या कणांसाठी नाव हवं होतं. विल्यम ह्यूएल यांनी ग्रीकमधून सुचवलं: आयन, म्हणजे 'जाणारा'. त्या ग्रीक क्रियापदाचा आणि संस्कृत 'इ' (जाणे) या धातूचा पूर्वज एकच. त्याच 'इ'पासून अयन, आणि अयनापासून उत्तरायण. इंग्रजीचा हात धरून आपल्याकडे आलेला हा पाहुणा असा नात्यातला निघाला. धनायन, ऋणायन हे पाठ्यपुस्तकी शब्द कानाला परके वाटत नाहीत, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

गंमत पुढेच आहे. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, त्यामुळे या 'जाणाऱ्या'ला तिथे आपलं आपण जाता येत नाही. त्याला वाहून न्यावं लागतं. म्हणून 'आयनवहन'. या वाहतुकीच्या शोधात एक आपल्याकडचं आडनाव भेटतं. डी. के. कसबेकर आणि आर. पी. डर्बिन यांनी १९६५ साली बेडकाच्या जठराच्या अस्तरातून एटीपी हे पेशीचं इंधन फोडणारं एक विकर वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. बायकार्बोनेटने ते चेतत होतं आणि थायोसायनेटने मंदावत होतं. थायोसायनेटने जठराचं आम्लही थांबतं, म्हणून आयन ढकलणारा पंप हाच, असा संशय बळावला. पण खरा पंप निराळा निघाला. १९७३ साली गान्सर आणि फोर्ट यांना बेडकातच पोटॅशियमने चेतणारं विकर सापडलं. एक पोटॅशियम आत घ्यायचा, एक हायड्रोजन बाहेर टाकायचा, अशी त्याची अदलाबदल. १९८८ साली बाजारात आलेली ओमेप्राझोल हाच पंप बंद पाडते. कसबेकरांचं विकर आम्लाचं मूळ ठरलं नाही, पण आम्लामागे एटीपी खर्चणारा हमाल शोधायचा, ही दिशा बरोबर होती.

('कसबा' अरबी. त्याला 'कर' जोडून झालेलं हे आडनाव बेडकाच्या जठरापर्यंत पोचलं, हेही एक अयनच.)

मेडिकलमध्ये खुशाल पित्ताचीच गोळी मागा, दुकानदाराला कळतं. मात्र घोड आणि भीमेच्या काठी या जळजळीला, घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याला घरोघर आणखी काही शब्द असतील, तर ते लिहून कळवा. 'ॲसिडिटी' सोडून.