दंडाचा हिशेब

ग्रंथालयाचा दंड ही दिसावयास क्षुल्लक बाब होय; परंतु तो कोण मोजतो व कसा मोजतो, यावर वाचक आणि ग्रंथालय यांचें नातें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

पूर्वीं ग्रंथाला चिकटविलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का उठे, आणि ग्रंथाचें कार्ड तारखेवार पेटींत राही. ग्रंथ उशिरा आला म्हणजे ग्रंथपाल दिवस मोजी, आणि दंड घ्यावयाचा कीं सोडावयाचा, हें बहुधा तेथल्या तेथेंच ठरे. १९३६ सालीं राल्फ पार्कर यांनीं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयांत देवघेवीच्या कामीं छिद्रित कार्डांचीं यंत्रें लाविलीं, आणि ही मोजणी हळूहळू मनुष्याच्या हातून सुटूं लागली.

तिचें आजचें रूप 'कोहा' या आज्ञावलींत पाहावें. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ येथील ग्रंथालयांची जुनी संगणक-व्यवस्था सन २००० च्या तारखा पेलणारी नव्हती; म्हणून १९९९ सालीं काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीनें ही नवी रचिली, आणि पुढें ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. भारतांतहि अनेक ग्रंथालयें ती वापरतात. माओरी भाषेंत 'कोहा' म्हणजे भेट. पण या भेटीच्या पोटांत दंडाचा मोठा चोख हिशेब आहे. रोज रात्रीं ठरल्या वेळीं ती मुदत टळलेले ग्रंथ शोधते. सभासदाचा वर्ग व ग्रंथाचा प्रकार पाहून दर लाविते. ग्रंथालयानें तसें ठरविलें असल्यास सुट्या वगळते व सवलतीचे दिवस देते. एका ग्रंथाची एकच नोंद रोज वाढत जाते. ग्रंथ परत येतांच ती गोठते. माफी द्यावयाची तर तिचीहि स्वतंत्र नोंद होते. बाकी ठराविक मर्यादेपलीकडे गेली कीं नवा ग्रंथ मिळणें थांबतें.

येथें पक्षपात नाहीं, हा मोठाच गुण. परंतु यंत्र दिवस मोजतें, अडचण मोजीत नाहीं. न्यूयॉर्कमधील तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय-संस्थांनीं २०२१ च्या ऑक्टोबरांत विलंबदंड रद्द केला, तेव्हां १५ डॉलर वा अधिक बाकीमुळें सुमारें ४ लाख सभासदांचीं कार्डें अडलेलीं होतीं. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक सभासद गरजू वस्त्यांतील होते. हा आंकडा पुढें आला तो त्याच चोख हिशेबामुळें.

ग्रंथ वेळेवर परत यावा हें योग्यच; कारण दुसरा वाचक त्याची वाट पाहत असतो. परंतु दंडाचा हेतु ग्रंथ परत आणणें हा आहे, वाचक घालविणें हा नव्हे. कोणाचें दार केव्हां बंद करावयाचें, ही मर्यादा आज्ञावलींत मनुष्यच भरतो. ती भरतांना त्यानें आपल्या वाचकांची यादी एकवार नीट न्याहाळावी, असें आम्हांस वाटतें.