हमसफर
पाकिस्तानी उर्दू दूरचित्रवाणी मालिका. फरहत इश्तियाक यांनी स्वतःच्या कादंबरीवरून लिहिलेली, सरमद खूसट दिग्दर्शित ही मालिका ‘हम टीव्ही’वर २०११-१२ मध्ये २३ भागांत प्रसारित झाली. अशर (फवाद खान) व खिरद (माहिरा खान) यांच्या संसारात सासू कपटाने संशय पेरते. गरोदर खिरद घराबाहेर फेकली जाते. काही वर्षांनी आजारी मुलीच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी ती नवऱ्यापुढे उभी राहते. पण दयेची याचना करीत नाही, बापाचे कर्तव्य मागते. मालिकेचे खरे बळ या ताठ कण्यात आहे. शीर्षकगीत म्हणून कुर्रतुलऐन बलोच यांनी गायलेली नसीर तुराबींची गझल मूळची १९७१ च्या ढाक्याच्या पाडावावरची. २०१४ मध्ये ‘झिंदगी’ वाहिनीने मालिका भारतात दाखवली. कथानक ठरावीक असले, तरी संयत अभिनयामुळे ती पुन्हा पाहावीशी वाटते.