विसराळू चिप आणि तिची शेजारीण

मुरबाडहून माळशेज घाट चढून जुन्नरच्या बाजूस उतरलें म्हणजे पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण लागते. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या या दुर्बिणीस ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पूर्वीं ती एका वेळीं ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा लहरीपट्टा टिपीत असे; नव्या यंत्रणेनें ती मर्यादा ४०० पर्यंत नेली. तबकड्यांचे सांगाडे तेच राहिले. बदलले ते ग्राहक आणि त्यांच्या पाठीमागील गणितयंत्रें. या यंत्रांत एक विलक्षण चिप असते. वीज गेली कीं ती आपलें सारें शिक्षण विसरते. असल्या विसराळू वस्तूवर एवढा भरंवसा कां ठेवावा, याचें उत्तर तिच्या इतिहासांत आहे.

१९७८ मध्यें मोनोलिथिक मेमरीज या अमेरिकन कंपनीनें 'पॅल' नांवाच्या चिपा आणल्या. त्यांतील सूक्ष्म दुवे विजेनें जाळून हवी ती तर्करचना साधतां येई. पण जळालेला दुवा पुन्हां सांधतां येत नसे. चूक झाली कीं चिप फुकट. पुढें १९८४ मध्यें रॉस फ्रीमन व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं झायलिंक्स कंपनी स्थापिली आणि १९८५ मध्यें तिची 'एक्ससी २०६४' ही चिप बाहेर पडली. तींत ६४ तर्कखंड होते. कोणता खंड कसा वागेल व कोणाशीं जोडला जाईल, हें स्मृतीच्या कोशांत भरलेल्या शून्य आणि एक या अंकांनीं ठरे. अंक बदलले कीं यंत्रच बदललें! मात्र वीज तुटतांच कोश रिते होत. विस्मृति ही या लवचिकपणाची किंमत होती.

म्हणून तिला आठवण देणारी शेजारीण लागली. आरंभीं हें काम एकदांच लिहितां येणाऱ्या स्मृतिचिपा करीत. योगायोग असा कीं, १९८४ मध्येंच जपानच्या तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश स्मृति जगापुढें मांडली. तींत विद्युत्कण निरोधक थरांच्या आड कोंडलेले असतात. वीज गेली तरी ते पळत नाहींत, आणि हवें तेव्हां मोठा भाग एकदम पुसून नवें लिहितां येतें. २००५ मध्यें आलेल्या 'स्पार्टन-३ई' कुळांतील चिपा तर बाजारांतील सामान्य क्रमिक फ्लॅश स्मृतींतून आपण होऊन आराखडा उचलूं लागल्या.

शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून नळानें मुंबईस जातें. घरचीं भांडीं रितीं झालीं तरी सांठा तिकडे असतो. येथेंही तसेंच, फरक इतकाच कीं, दिल्यानें हा सांठा उणा होत नाहीं. वीज येतांच चिप स्वतःच ठोके देऊं लागते आणि ठोक्यागणिक एकेक अंक एका तारेवरून येतो. खुणेचा ठराविक शब्द भेटेपर्यंत ती आलेलें सर्व सोडून देते. मग पुढील अंक जागच्या जागीं बसविते, पडताळून पाहते आणि मगच कामास लागते. खोडदच्या यंत्रांत आराखडा पुरविण्याचें काम त्याच फलकावरील छोटा संगणक करतो. तत्त्व मात्र तेंच.

खरा धोका नवा आराखडा लिहितांना असतो. मध्येंच वीज गेली तर अर्धवट लिहिलेली प्रत हातीं येते आणि पुढें यंत्र जागेंच होत नाहीं. यास्तव जाणते अभियंते पारखलेली जुनी प्रत त्याच स्मृतींत निराळ्या जागीं राखून ठेवितात. नवी प्रत पडताळणींत फसली कीं चिप जुनीकडे वळते.

न विसरणाऱ्या शेजारणीलाही आयुष्याची मर्यादा आहे. अशा बहुतेक स्मृतींचे उत्पादक एका जागीं एक लक्ष वेळां पुसण्याची आणि वीस वर्षें आठवण टिकण्याची ग्वाही देतात. त्याहून जुन्या यंत्राची मूळ प्रत कोणीं बाहेर जपली नसेल, तर चिप शाबूत असूनही तिला शिकविणारें कोणी उरत नाहीं.