दूषितकांचा रासायनिक शोध, पनवेल परिसरातील
सांडपाणी व भूजल यांतील रासायनिक दूषितके ओळखणे आणि त्यांचा उगम शोधणे ही दोन निराळी कार्ये होत. पनवेल (जि. रायगड) परिसरात पहिले बरेच साधले आहे; दुसरे अवघड ठरले आहे.

ब्रिटनच्या सांडपाणीविषयक राजआयोगाने १९१२ साली जीवरासायनिक ऑक्सिजन मागणीवर आधारलेले मानक सुचविले. मूळ कसोटी पाच दिवसांची व थंड हवामानाची. भारतीय मानकांत ती २७° से. तापमानास तीन दिवसांची आहे. अंतर्देशीय जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० मिग्रॅ./लि. आहे. मात्र या मापावरून दूषण किती ते समजते, कोणाचे ते समजत नाही.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केंद्राच्या आधी, १९६९ साली केला व १९७० मध्ये नियंत्रण मंडळ स्थापिले. तळोजा औद्योगिक क्षेत्राजवळून वाहणारी कासाडी नदी पुढे खाडीस मिळते. एरवी क्लोराइडाचे वाढलेले प्रमाण हे दूषणाचे सोपे गमक. परंतु भरतीचे खारे पाणी शिरते तेथे ते फसवे ठरते. रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजताना डायक्रोमेटामुळे क्लोराइडाचेही ऑक्सिडीभवन होऊन आकडा फुगतो. तो दोष टाळण्यासाठी नमुन्यात मर्क्युरिक सल्फेट घालतात. म्हणजे दूषण मोजण्यासाठी पाऱ्याचेच विषारी संयुग वापरावे लागते.

भूजलाचा प्रश्न याहून बिकट आहे. आंरी दार्सी यांचा नियम (१८५६) वाळूच्या थरातील प्रवाहावरून मांडला गेला. येथील बेसाल्टात पाणी मुख्यतः संधी व भेगांतून वाहते. त्यामुळे जवळची विहीर स्वच्छ आणि दूरची दूषित असे घडू शकते. डॅन्यूब नदीचे भूमिगत पाणी आख झऱ्यात येते, हे १८७७ मध्ये फ्लुओरेसीन रंजकाने दाखविले गेले. पण तेथे रंजक कोठे सोडावयाचे, हे ठाऊक होते.

ॲलन वॉल्श यांच्या आणवीय शोषण पद्धतीने (१९५५) धातू व जेम्स लव्हलॉक यांच्या इलेक्ट्रॉन-ग्रहण अभिज्ञातकाने (१९५७) क्लोरीनयुक्त कीटकनाशके लेशमात्र असली तरी ओळखता येऊ लागली. एखाद्या प्रक्रियेतील विशिष्ट उपपदार्थ आढळल्यास उगम सूचित होतो. तथापि अनेक कारखान्यांचे पाणी सामाईक शुद्धीकरण केंद्राच्या वाहिनीत मिसळले की या खुणाही मिसळतात. म्हणून नमुना प्रत्येक कारखान्याच्या निर्गमद्वाराशीच घ्यावा लागतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा येथे निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसले, तेव्हा रंगद्रव्याचा माग लवकर लागला व मंडळाने संबंधित कारखाना बंद करविला. फिनॉले व बहुतेक विद्रावके पाण्यात रंगहीन असतात.