राजाबाई टॉवरच्या सावलीत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. आज बहुतेक विभाग कलिनाच्या विद्यानगरीत असले, तरी विद्यापीठाची ओळख फोर्टमधील जुन्या संकुलाशीच जोडलेली आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. अर्ध्या दिवसाच्या पायी फेरीत हा परिसर उत्तम पाहता येतो.

काय पाहाल?

दीक्षान्त सभागृह (१८७४) आणि राजाबाई टॉवर (१८७८) यांचे आराखडे इंग्लंडमधील वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते स्वतः मात्र कधीच मुंबईत आले नाहीत. सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी देणगी दिली. त्यांचा पुतळा आवारात आहे. सभागृहाच्या रंगीत काचांच्या गोल खिडकीवर बारा राशी चितारल्या आहेत.

सुमारे २८० फुटी मनोऱ्याची कथा शहराच्या चढउतारांची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत गब्बर झालेले प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालय व मनोऱ्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे, नाव देण्याची इच्छा व्यक्त केली. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. मनोरा मात्र उभा राहिला. अंध राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे जैन व्रत पाळता यावे म्हणून घड्याळाचे टोले, अशी आख्यायिका सांगितली जाते. पश्चिम भारतातील विविध समाजांच्या लोकांच्या दगडी मूर्ती मनोऱ्यावर आहेत. त्या न्याहाळण्यासाठी दुर्बीण जवळ असावी. मनोऱ्यावर जाण्यास सर्वसामान्यांना परवानगी नाही. इमारती आतून पाहायच्या असल्यास आधी चौकशी करून जावे.

शेजारी मुंबई उच्च न्यायालय, तर समोर ओव्हल मैदान. मनोरा उभा राहिला तेव्हा समुद्र मैदानापासून फारसा दूर नव्हता. बॅक बेमध्ये भराव पडला आणि तेथे १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. मैदानाच्या मध्यभागी उभे राहिले की एका बाजूस एकोणिसावे, तर दुसऱ्या बाजूस विसावे शतक दिसते.

काळा घोडा चौकात एल्फिन्स्टन महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथूनच शिकून पदवीधर झाले. त्याला लागून डेव्हिड ससून ग्रंथालय, समोरच्या बाजूला १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आणि जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

काय खाल?

न्यायालय व कार्यालयांच्या गर्दीमुळे येथील पदपथांवर वडापाव, सँडविच, पावभाजी सहज मिळते. चर्चगेटजवळच्या खाऊगल्लीत विद्यार्थ्यांची झुंबड असते. इराणी चवीसाठी थोडे चालावे लागते: धोबीतलावला १९०४ पासूनचे कयानी (बनमस्का आणि चहा), तर बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ पासूनचे ब्रिटानिया (बेरी पुलाव). ब्रिटानियात दुपारच्या जेवणाच्या वेळेतच पोहोचावे.

काय कराल?

ओव्हलवर सुटीच्या दिवशी एकाच वेळी क्रिकेटचे अनेक सामने रंगतात; काठावर बसून ते पाहण्यास पैसे पडत नाहीत. जहांगीरमधील प्रदर्शनेही विनामूल्य असतात. पुस्तकप्रेमींनी फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवरील विक्रेत्यांकडे डोकवावे आणि तेथेच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांच्या स्मारकासमोर क्षणभर थांबावे. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो. हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्यांनी त्याच्या तारखा पाहून बेत आखावा.

कसे जाल?

चर्चगेट स्थानकापासून ओव्हल मैदान पायी पाच-सात मिनिटांवर आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहूनही चालत येता येते. सायंकाळी पश्चिमेचे ऊन मनोऱ्याच्या दगडावर पडते, तेव्हा त्याचा पिवळसर रंग खुलतो. छायाचित्रांसाठी हीच वेळ उत्तम.