पंजाबराव देशमुख : विद्यापीठाच्या पाटीमागचे बॅरिस्टर

आमच्या केनवडला कुणालाही विचारा, पंजाबराव देशमुख कोण? उत्तर बहुतेक एकच मिळेल, "ते अकोल्याच्या विद्यापीठाचे." रिसोड तालुक्यातलं हे गाव, सगळा कारभार शेतीवर, त्यामुळे पंजाबरावांचं नाव बियाण्याच्या पिशवीबरोबर घरात येतं. पण गंमत अशी, की हे विद्यापीठ १९६९ साली सुरू झालं आणि पंजाबराव गेले १० एप्रिल १९६५ ला. ते विद्यापीठात शिकवत नव्हते आणि शेतीशास्त्रज्ञही नव्हते. होते बॅरिस्टर! आज लिहायचंय ते या कायदेवाल्या पंजाबरावांबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना ती माहीत असायचं कारण नाही. वऱ्हाड हा इंग्रजी राज्यातला एक कायदेशीर तिढाच होता. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हाती सोपवला, १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला. म्हणजे कारभार इंग्रजांचा, पण कागदोपत्री मालक निजामच. इंग्रजी हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत, वेगळा हुकूम काढून लावावे लागत. १९३६ मध्ये तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताबही मिळाला. आपला वाशीम जिल्हा (१९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला) याच वऱ्हाडातला. "आपण नक्की कुणाचे?" हा प्रश्न इथे कायद्याच्या पुस्तकातच बसलेला होता.

अशा मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी, २७ डिसेंबर १८९८ ला शेतकऱ्याच्या घरात पंजाबरावांचा जन्म. अमरावतीला शाळा, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज आणि १९२० मध्ये थेट विलायत. तिथे दोन गोष्टी केल्या. एक, बॅरिस्टर झाले. दुसरी, डॉक्टरेट मिळवली, आणि विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. शेतकऱ्याचा पोरगा वेदांवर प्रबंध लिहितो, हे त्या काळी किती जणांच्या पचनी पडलं असेल, तुम्हीच विचार करा.

१९२६ मध्ये परत आले, अमरावतीत वकिली सुरू केली. १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन झालं, त्यात पंजाबराव पुढे होते. त्याच वर्षी विमलाबाईंशी आंतरजातीय लग्न केलं. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सगळ्या जातींना खुल्या केल्या. वेदांचा अभ्यास केलेला हा माणूस देवळाच्या दाराशी कुठल्या बाजूला उभा राहिला ते बघा. जन्मावरून माणसाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, याला त्यांचं उत्तर स्पष्ट होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३० ला ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. काळ कसला? जगभर मंदी, कापसाचा भाव कोसळलेला. वऱ्हाड म्हणजे कापूस, आणि कापूस पडला की शेतकरी सावकाराच्या दारात. कोर्टात गेलं तर न्यायाधीश कागद बघणार. कागदावर अंगठा आहे, रक्कम आहे, व्याज आहे, झालं. दोन्ही पक्ष कायद्यापुढे सारखेच! फक्त एकाला वाचता येतं आणि दुसऱ्याला येत नाही.

यावर उपाय म्हणून १९३३ चा कर्जलवाद कायदा आला. विदर्भात त्याचं श्रेय पंजाबरावांना दिलं जातं. कायद्याची कल्पना साधी होती. जागोजागी लवाद मंडळं नेमायची. कर्जदार आणि सावकार दोघांनी तिथे येऊन हिशेब मांडायचा, तडजोड करून हप्ते ठरवायचे. सावकाराने रास्त तडजोड नाकारली, तर मंडळ तसा दाखला देणार. मग तो दिवाणी कोर्टात गेला तरी कोर्टखर्च मिळणार नाही आणि पुढच्या व्याजालाही लगाम. म्हणजे सक्ती नाही, पण अडून बसणं महाग करून ठेवलं. पश्चिम महाराष्ट्रात १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला होता. वऱ्हाडाला मात्र असं काही मिळायला अर्धं शतक जास्त लागलं.

कर्ज संपलं का? नाही. वाशीमच्या शेतकऱ्याला ते वेगळं सांगायला नको. पण दोन माणसं कागदावर सारखी दिसतात म्हणून ती सारखी होत नाहीत, हे कायद्याने मान्य केलं. मला हे फार मोठं वाटतं.

आता अवघड भाग.

पंजाबराव संविधान सभेचे सदस्य होते. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. भारतात जन्मला आणि इथे राहतो, एवढ्यावर नागरिकत्व द्यायला त्यांचा कडाडून विरोध होता. अशाने आपलं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल, असं ते म्हणाले. जन्माला भारतीय आईबापांची जोड हवी, हा त्यांचा आग्रह. दुसऱ्या देशांत आपल्या माणसांना नागरिकत्व किती मुश्किलीने मिळतं, हाही त्यांचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. अमेरिकेने १९४६ मध्ये दार उघडलं, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं!

पण ते इथेच थांबले नाहीत. जो हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी त्याला भारताचं नागरिकत्व मिळावं, अशीही दुरुस्ती त्यांनी मांडली. फाळणीची जखम ओली होती, निर्वासितांचे तांडे येत होते. तरीही सभेने ती फेटाळली. नागरिकत्वाच्या कलमांत धर्माचं नाव आलं नाही.

गोष्ट तिथे संपली असं वाटेल, पण नाही. १९८७ पासून भारतात नुसतं जन्मून भागेना, आईबापांपैकी एक जण नागरिक असणं गरजेचं झालं. २००३ च्या दुरुस्तीने ती अट आणखी कडक झाली. आणि २०१९ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वेगळी वाट करण्यात आली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. १९४९ ला हरलेला वऱ्हाडी बॅरिस्टर सत्तर वर्षांनी अर्धामुर्धा जिंकला, असं म्हणायला हरकत नाही.

मग मी कुठल्या बाजूला? विचाराल म्हणून सांगतो. आईबापांच्या अटीवर वाद घालता येईल, बरेच देश तसं करतात. पण धर्माच्या मुद्द्यावर मी सभेच्या बाजूने आहे, आणि ते मला १९२७-२८ च्या पंजाबरावांकडे बघूनच पटतं. विहिरीवर पाणी भरायला आलेल्याला "तू कोणात जन्मलास?" असं विचारायचं नाही, हे त्यांनीच अमरावतीत करून दाखवलं. तोच प्रश्न देशाच्या दारात विचारला तर तो बरोबर कसा ठरेल?

म्हणून पंजाबराव छोटे होतात का? मला नाही वाटत. पुढे १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते, भारत कृषक समाज उभा केला, श्री शिवाजी शिक्षण संस्थेने विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली पोरं शिकवली. ते सगळं खरंच आहे. पण आपल्याकडे एकदा माणसाचा पुतळा झाला की त्याचे युक्तिवाद वाचायचं बंद होतं. हार घातला, दूध वाहिलं, झालं! वकिलाचा खरा मान म्हणजे त्याचं म्हणणं नीट ऐकून घेणं आणि पटलं नाही तर उत्तर देणं. संविधान सभेच्या चर्चा आज नेटवर फुकट वाचता येतात. ऑगस्ट १९४९ चे ते दोन-तीन दिवस एखाद्या रविवारी वाचून काढा. त्यात पंजाबराव तर भेटतीलच, पण त्यांना उत्तर देणारेही भेटतील. भांडण कसं करावं, तेही त्यात शिकायला मिळतं.