ठरावाची वही : भिक्खू संघापासून विहार समितीपर्यंत



विहाराचा वर्धापन दिन जवळ आला की मंडप, पताका, भोजनदान, पूज्य भन्तेंचे निमंत्रण अशी एकच धावपळ सुरू होते. त्या गडबडीत एक वस्तू मात्र कपाटात तळाला पडून राहते. ती म्हणजे बैठकीच्या ठरावांची वही. कोणी तिला प्रोसिडिंग बुक म्हणतात, कोणी इतिवृत्त. तिचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार जुना आहे.

तथागतांच्या संघात कोणतेही काम एकट्याच्या मर्जीने होत नसे. विषय आधी संघापुढे मांडायचा, त्याला ञत्ति म्हणत. मग तो कामाप्रमाणे एकदा किंवा तीनदा ऐकवायचा. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. गणपूर्तीशिवाय केलेले संघकर्म ग्राह्य नव्हते. साध्या कामाला किमान चार भिक्खू लागत, उपसंपदेला मध्यदेशात दहा आणि सीमेवरच्या प्रदेशात पाच. मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या वाटून मते मोजीत, आणि ते काम निःपक्षपाती भिक्खूकडेच देत. हे सारे विनयात आहे. ते शेकडो वर्षे मुखोद्गत राहिले आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ग्रंथबद्ध झाले, अशी परंपरा सांगते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी याचीच आठवण करून दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे संसदेचे नियम भिक्खू संघाला माहीत होते, असे त्यांनी देशाला सांगितले. ते भाषण आज शब्दन् शब्द वाचायला मिळते, कारण समितीच्या कामकाजाची नोंद ठेवली गेली.

लिहिलेल्या ठरावाला किती किंमत असते ते महाडने दाखवले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले तेव्हा त्यात जीव आला. आणि विरोधकांनी काय केले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेकडून तो ठराव रद्द करून घेतला. नुसत्या कागदाची कोणाला भीती नसती, तर तो रद्द कशाला केला असता? पुढे डिसेंबरात दावा दाखल झाला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ‘पहिल्यापासून असंच चालत आलंय’ म्हणणाऱ्यांना ती पुरातन रूढी पुराव्याने सिद्ध करता आली नाही.

हाच प्रश्न उद्या आपल्यालाही विचारला जाणार आहे : पुरावा काय?

आपल्या जिल्ह्याचेच बघा. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. परिषद झाली हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यासाठी कोणी बैलगाडी जुंपली, कोणत्या मायमाउल्यांनी रात्रभर भाकरी थापल्या, किती गावांतून माणसे आली? ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती पिढी आता गेली. जे कोणी लिहून ठेवले तेवढेच उरले.

माझीही एक चूक इथे कबूल करतो. मी एका मंडळाचा सचिव होतो. एका वृद्ध उपासिकेने भर बैठकीत सांगितले, “माझ्या घरामागची जागा विहाराला घ्या.” साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आपलीच माणसं, लिहायचं काय त्यात? पुढे त्या माउली वारल्या, वारसांनी जागा विकली. नुसत्या नोंदीने मालकी मिळत नाही, रजिस्टर बक्षीसपत्रच लागते, हे खरे. पण ठराव लिहिला असता तर पुढच्या बैठकीत तो वाचला गेला असता आणि ‘बक्षीसपत्राचं काय झालं?’ असे कोणीतरी विचारलेच असते. मागील इतिवृत्त वाचून कायम करायचे ते यासाठीच.

वही लिहिणे अवघड नाही. तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्ष कोण, हजर कोण, गणपूर्ती झाली का. मग विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरुद्ध किती. कोणी कोणाला काय टाकून बोलले ते लिहू नये. पण विरोध नोंदवा म्हटले तर अवश्य नोंदवावा. पानांना आधीच नंबर घालावेत, कोरी जागा सोडू नये, खाडाखोड झाल्यास सही करावी. कोऱ्या पानावर आधी सह्या घेऊन मजकूर नंतर भरणे ही तर फसवणूकच. आणि सूचना एखाद्या ताईने केली असेल तर सूचक म्हणून तिचेच नाव यावे, तिच्या मालकाचे नव्हे.

संस्था नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तिथे निवड कोणत्या सभेत झाली हे कागदाने दाखवावे लागते. वही नसली की दोन गट उभे राहतात, तारखा पडतात आणि विहाराला कुलूप लागते. पद सोडताना सचिवाने वही पुढच्याच्या हाती देऊन पोच घ्यावी. वही घरी ठेवून घेणे म्हणजे समाजाची ठेव दाबून ठेवणे.

ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर शिवू दिले नाही, त्याच्या हाती बाबासाहेबांनी लेखणी दिली. ती बैठकीच्या दिवशी खिशात ठेवू नका.

ईटच्या समस्त उपासक-उपासिकांना वर्धापन दिनाच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जयभीम!